सहाणेवरचे वैद्यक : पेडणे व डिचोली महालांतील घरगुती औषधे

गोमंतकातील जुन्या घरांच्या माजघरात, देवघराच्या लगत, दोन सहाणा ठेवलेल्या असत. एक देवाची, तिच्यावर नित्य चंदन उगाळले जाई. दुसरी औषधाची, तिच्यावर वेखंड, सुंठ, हिरडा, जायफळ इत्यादि वस्तूंचे वळसे घेतले जात. पहिली सोवळ्यातली म्हणून मुलांचा हात तिला लागू देत नसत. दुसरीही उंचावरच असे, कारण तिच्यावर काय आणि किती उगाळावयाचे हे घरातील एकाच वृद्ध स्त्रीला ठाऊक असे. देवाची सहाण आजही बहुतेक घरांत आहे. औषधाची सहाण मात्र कोठे मागीलदारी पडली, कोठे घराच्या दुरुस्तीत चिऱ्यांबरोबर निघून गेली.

देवस्थानाचा इतिहास लिहिताना जीर्णोद्धार, पालखी, वर्गणी, कुळागरे व जमिनी यांची नोंद साक्षेपाने होते. ज्या कुटुंबांनी ते देवस्थान चालविले, ती कुटुंबे आजारपणात काय करीत, मुले कशी वाढवीत, बाळंतिणीला काय देत, याची नोंद कोणत्याच वहीत सापडत नाही. वस्तुतः हाही त्या कुळांच्या इतिहासाचाच भाग आहे, आणि तो वेगाने नष्ट होत आहे.

पूर्वपीठिका

गोमंतकातील देशी वैद्यकाचा पहिला मोठा छापील पुरावा एका परकीयाच्या हातचा आहे. गार्सिया द ओर्ता हा पोर्तुगीज वैद्य १५३४ साली गोव्यात आला आणि त्याचा ‘कोलोकियुस’ हा वनौषधींवरील संवादग्रंथ १५६३ साली गोव्यातच छापला गेला. त्यात निर्गुडीवर स्वतंत्र प्रकरण आहे. ज्याला गोव्यात भिरंड म्हणतात त्या कोकमाचे वर्णन ‘ब्रिंदांव’ या नावाने आहे आणि त्याची वाळविलेली साल आंबटासाठी वापरतात हेही नमूद आहे. अतिसारावरील देशी झाडपाल्याचीही चर्चा आहे. मालुपा नावाचा एक हिंदू वैद्य या ग्रंथात बोलताना दिसतो. युरोपातील विद्यापीठात शिकलेला मनुष्य येथील वैद्यांपासून शिकला आणि तसे त्याने लिहून ठेवले, ही गोष्ट गोमंतकीयांना भूषणावह आहे. ओर्ता वंशाने ज्यू होता. त्याच्या मृत्यूनंतर, १५८० साली, इन्क्विझिशनने त्याच्या अस्थी उकरून जाळल्या. ग्रंथ मात्र उरला.

त्याच काळात धर्मसत्तेची नजर हिंदू वैद्यांकडे वळली होती. १५६७ च्या धर्मपरिषदेने ख्रिस्ती रुग्णांनी हिंदू वैद्यांकडे जाऊ नये अशी बंदी घातली. ती किती पाळली गेली याची साक्ष लिन्शोटेन हा डच प्रवासी देतो. १५८३ ते १५८८ या काळात तो गोव्यात आर्चबिशपच्या पदरी होता. व्हाइसरॉय, आर्चबिशप आणि मठांतील पाद्री हे आपल्या देशबांधवांपेक्षा हिंदू वैद्यांवर अधिक विसंबतात, असे तो लिहितो. या वैद्यांना डोक्यावर छत्री धरवून रस्त्याने जाण्याचा मान होता, जो इतर देशी लोकांत फार थोड्यांना मिळे. पुढे १६१८ साली शहरात वैद्यकी करणाऱ्या हिंदू वैद्यांची संख्या तीसपुरती मर्यादित करण्यात आली. हे निर्बंध घालूनही वैद्य नाहीसे झाले नाहीत, कारण त्यांची गरज निर्बंध घालणाऱ्यांनाच होती.

पेडणे आणि डिचोली हे महाल त्या वेळी पोर्तुगीज अंमलाबाहेर होते. तिसवाडी, बारदेश व साष्टी येथील देवळे पडली तेव्हा अनेक कुटुंबे आपल्या देवतांसह नद्या ओलांडून पलीकडे गेली. दिवाडी बेटावरील श्रीसप्तकोटेश्वर डिचोली महालातील नार्वे येथे आला आणि १६६८ साली श्रीशिवछत्रपतींनी त्याच्या देवळाचा जीर्णोद्धार केला. या कुटुंबांनी देव आणले, तसे कुळाचार, पथ्ये आणि औषधांचे ज्ञानही आणले असणार. डिचोली व सत्तरी हे भाग १७८१-८२ च्या सुमारास आणि पेडणे १७८८ साली पोर्तुगीज राज्यास जोडले गेले, तोवर धर्मच्छळाचा मोठा भर ओसरला होता. त्यामुळे या नव्या काबिजादीत घरगुती वैद्यकाची परंपरा तुलनेने अखंड राहिली. सावंतवाडीशी सोयरिकीचे व बाजारहाटाचे संबंध तर पुढेही तुटले नाहीत. वनस्पतींच्या दृष्टीनेही हा मुलूख एकच. १८९८ साली डॉ. दालगाद यांनी वनस्पतींची सूची प्रसिद्ध केली, तिचे नावच ‘गोवा व सावंतवाडीची वनस्पतिसंपदा’ या अर्थाचे आहे.

सणावारांतले औषध

या वैद्यकाचा पहिला नियम असा की, आजार येण्यापूर्वीच औषध द्यावे. ते औषध म्हणून दिले तर मुले घेत नाहीत. म्हणून ते सणाला जोडून दिले जाई.

नरकचतुर्दशीच्या पहाटे अभ्यंगस्नानानंतर तुळशीपुढे कारीट फोडावयाचे आणि त्याचा कडू थेंब जिभेला लावावयाचा. त्याचबरोबर सातविणीच्या सालीचा कडू रस घेण्याचा प्रघात पेडणे व त्यालगतच्या वाडी भागात होता. घरातील सर्वांना ओळीने बसवून घोट दिला जाई. “तोंड वाकडे करू नका रे, मग पोहे मिळतील,” हे आजीचे वाक्य ठरलेले. पावसाळा नुकताच सरलेला, डबकी साचलेली, हिवाच्या तापाचे दिवस. आणि सातविणीची साल ही तापावरची जुनी औषधी. पंचांग करणाऱ्यांनी व वैद्यांनी हे एकत्र बसून ठरविले नसेल, तरी कालमान अचूक साधले आहे.

गोकुळाष्टमीला शेवग्याच्या पाल्याची भाजी. श्रावणात हळदीच्या पानांत वाफवलेल्या पातोळ्या. पहिल्या पावसानंतर तायखिळा, म्हणजे टाकळा. त्याची कोवळी पाने भाजीला आणि पाला-बिया गजकर्णावर लावण्यास. पावसाळ्यात भाजीपाला दुर्मिळ होई आणि म्हापशाचा शुक्रवारचा बाजार नदीपलीकडे राही. त्या काळात रानातील पाला हेच अन्न आणि हेच औषध होते.

घरातील औषधे

मूल जन्मल्यावर काही दिवसांनी बाळगुटी सुरू होई. हिरडा, मुरडशेंग, वेखंड, सुंठ, हळकुंड, जायफळ, मायफळ, ज्येष्ठमध, अतिविष, काकडशिंगी अशा वस्तू एका लाकडी पेटीत वा कापडी पिशवीत ठेवलेल्या असत. आंघोळीनंतर आईच्या दुधात किंवा उकळून निवविलेल्या पाण्यात त्या एकामागून एक उगाळून बोंडल्याने पाजत. प्रमाण वळशांवर मोजले जाई. पोट फुगले तर मुरडशेंग वाढवावयाची, शौचास पातळ झाले तर हिरडा कमी करावयाचा, झोप लागत नसेल तर जायफळाचा अर्धा वळसा, पण अर्धाच. जायफळ अधिक झाले तर मूल गुंगते, हे आजीला पक्के माहीत असे. मुलाच्या रोजच्या प्रकृतीप्रमाणे रोजचे मिश्रण बदलावे, हे तारतम्य तयार बाटलीतून विकत घेता येत नाही.

बाळंतिणीला मेथीची पेज, अळिवाची खीर, डिंकाचे लाडू, नाचणीचे तिजण, ओव्या-बाळंतशोपांची धुरी, आणि सव्वा महिना तेलाची मालीश. हा केवळ लाड नव्हता. शेतात व कुळागरात राबणाऱ्या स्त्रीला वर्षातून मिळणारी विश्रांती ती एवढीच.

सर्दी-पडशाला कसाय. धणे, जिरे, मिरी, सुंठ व गूळ यांचा तो घरोघरचा काढा. कोठे त्यात तुळस, कोठे गवती चहा. खोकल्यास अडुळशाच्या पानांचा रस मधातून. या अडुळशातील व्हासिसीन या द्रव्यावरूनच पुढे ब्रोमहेक्झीन हे खोकल्याचे आधुनिक औषध तयार झाले, आणि आज तेच औषध निराळ्या नावांनी फार्मासीतून आणले जाते. आव पडू लागली की कुड्याची साल. झाडाची साल काढून, धुऊन, पाण्यात आठवा हिस्सा उरेपर्यंत आटवीत व ताकाबरोबर देत. कुड्याच्या सालीत कोनेसीन नावाचे क्षार असून ते आवेच्या जंतूंवर चालते, हे रसायनशास्त्राने नंतर दाखवून दिले. सांधे धरले की निर्गुडीच्या पाल्याचा शेक. काविळीला भुईआवळी ताकातून आणि तेलातुपाचे कडक पथ्य. अंगावर पित्त उठले की सोलांचे पाणी पोटात आणि तेच अंगाला. टाचा भेगाळल्या की भिरंडेल. भिरंडीच्या बिया कुटून, उकळून काढलेले हे घट्ट तेल अंड्याच्या आकाराचे गोळे करून ठेवीत आणि दिव्यावर किंचित वितळवून भेगांत भरीत.

काजूचे झाड पोर्तुगीजांनी ब्राझीलहून आणले आणि त्याची फेणी गोमंतकीय औषधपेटीत शिरली. सोवळ्याच्या घरात ती स्वयंपाकघराचा उंबरठा ओलांडीत नसे. पण मागीलदारच्या फळीवर एक बाटली असेच. थंडी वाजून आली की तळपायांना, छाती भरली की छातीला, ती चोळीत. ती बाटली कोठे आहे हे घरातील सर्वांना माहीत असे आणि कोणी तिचे नाव घेत नसे.

सर्व औषधांच्या वर होती ती पेज. उकड्या तांदळाची, मीठ घातलेली, वर निवळ आलेली. ताप असो, जुलाब असो, आजारी माणसाचा पहिला घास तो. १९७१ साली बांगलादेशातील निर्वासितांच्या छावणीत डॉ. दिलीप महालनबीस यांनी मीठ-साखरेचे पाणी पाजून पटकीच्या हजारो रोग्यांचे प्राण वाचविले, आणि पुढील संशोधनात तांदळाच्या पेजेत मीठ घालूनही तेच कार्य साधते असे आढळले. पेडण्यातील आणि डिचोलीतील आज्यांना त्यामागचे शास्त्र सांगता आले नसते. पेज मात्र त्यांच्या चुलीवर रोजच असे.

देव आणि औषध

औषध आणि देव यांचा संबंध महाजन कुटुंबांत निकटचा होता. आजार लांबला की देवळात जाऊन प्रसाद लावण्यात येई. मूर्तीला लावलेली ओली पाकळी उजवीकडे पडली तर अमुक वैद्याचे औषध घ्यावे, डावीकडे पडली तर थांबावे. तीर्थ, तुळस आणि अंगारा हे तर प्रत्येक उपचाराचे उपोद्घात. साखळीच्या दत्तमंदिरात मनोरुग्णांना आणून ठेवण्याची प्रथा दीर्घकाळ होती. ज्या काळी वेड्या माणसास साखळदंडाने बांधून ठेवीत, त्या काळी देवळाच्या आवारात त्याला नियमित आंघोळ, जेवण, आरती व माणसांचा सहवास मिळे. याचे मोल कमी लेखता येणार नाही.

ज्यांच्या घरी एखादे ‘हुकमी’ औषध असे, ते त्याचे पैसे घेत नसत. नारळ व विडा देवापुढे ठेवावयाचा, एवढेच. पैसे घेतले तर गुण जातो, अशी श्रद्धा होती. तिच्या जोडीला दुसरीही एक श्रद्धा होती : औषधाचे नाव सांगितले तर गुण जातो. पहिल्या श्रद्धेने गरिबांचे कल्याण केले. दुसरीने विद्येचा घात केला. पाला पहाटे एकट्याने जाऊन आणावयाचा, वाटेत बोलावयाचे नाही, तो वाटून दिल्यावर चोथाही पुरावयाचा. अशा रीतीने जपलेले ज्ञान थोरल्या मुलास मरणसमयी सांगावयाचे असा संकेत असे. आणि मरण पूर्वसूचना देऊन येतेच असे नाही. मुलगा मुंबईस नोकरीत असला, की चितेबरोबर औषधही जळे.

उणी बाजू

गतकालाचे गुणगान करताना त्याची उणी बाजू झाकणे हे कृतघ्नपणाचे होईल, कारण ती बाजू लहान मुलांनी सोसली. पोटदुखीत वा काविळीत तापल्या लोखंडाने डाग देण्याची चाल होती. ते व्रण घेऊन कित्येकजण म्हातारे झाले. बिब्बा लावून कातडी सोललेली मुलेही असत. नवजात बालकाच्या नाळेला राख वा शेण लावल्याने धनुर्वात होई आणि त्याला ‘सटवीने नेले’ असे म्हणत. जुलाबात पाणी तोडावे, ही समजूत पेजेच्या शहाणपणाशेजारीच नांदत होती. एका घरात पेज देऊन मूल वाचे आणि शेजारच्या घरात पाणी तोडल्याने जाई, आणि दोन्ही घरांत देवाची इच्छा म्हणत.

सर्पदंशावर मंत्र आणि पाला यांत जो वेळ गेला, त्याचा हिशेब कोणी मांडलेला नाही. देवी आल्या की कडुनिंबाचा पाला बांधून, घर शुचिर्भूत ठेवून, शितळादेवीची प्रार्थना करीत. त्या रोगावर घरगुती औषध नव्हतेच. तो गेला तो लस टोचणाऱ्यांच्या गावोगाव फिरण्याने. भारतातील शेवटचा रोगी १९७५ साली नोंदला गेला आणि १९७७ साली देश देवीमुक्त ठरला. दंडावरचे लशीचे वण आणि पोटावरचे डागांचे व्रण जेव्हा एकाच शरीरावर दिसत, तेव्हा दोन युगांची तुलना आपोआप होई.

दवाखान्याचे आगमन

पणजीची ‘एश्कोला मेदिको-सिरुर्जिका’ ही वैद्यकशाळा १८४२ साली स्थापन झाली. आशियातील पाश्चात्य वैद्यकाच्या जुन्या शाळांत तिची गणना होते. १९६३ साली तिचे गोवा वैद्यकीय महाविद्यालयात रूपांतर झाले. परंतु नव्या काबिजादीतील खेड्यांना तिचा लाभ उशिरा पोहोचला. पूल होण्यापूर्वी पेडण्याच्या आजाऱ्याला म्हापशास न्यावयाचे तर डोलीत घालून शापोरा नदी होडीने ओलांडावी लागे. भरतीची वेळ, पावसाचा जोर आणि तांडेलाची मर्जी यांवर प्राण अवलंबून असत. अशा वेळी जवळ असलेले औषध घ्यावे लागे, चांगले असो वा वाईट. दोतोर आला तरी त्याची रेसेत पोर्तुगीजमध्ये, बोतीक दूर, आणि किनीनच्या गोळ्यांना रोकड लागे. घरगुती औषध हा पुष्कळदा अभिमानाचा नव्हे, तर नाइलाजाचा भाग होता, हे ध्यानात ठेवले पाहिजे.

मुक्तीनंतर रस्ते, पूल व आरोग्यकेंद्रे झाली आणि नाइलाज संपला. ही आनंदाची गोष्ट आहे. परंतु नाइलाजाबरोबर जे खरोखर उपयुक्त होते तेही टाकून देण्यात आले. पेजेची जागा बिस्किटांनी घेतली, कसायाची जागा रंगीत सिरपने, आणि साध्या पडशालाही तीव्र गोळ्या घेण्याची सवय जडली.

लिहिले ते राहिले

या इतिहासातून एक गोष्ट स्पष्टपणे निष्पन्न होते. जे लिहिले गेले ते राहिले. जे गुप्त ठेवले ते गेले.

कोचीनचा डच गव्हर्नर व्हान रेडे याने ‘होर्तुस मलाबारिकुस’ हा बारा खंडांचा वनस्पतिग्रंथ सिद्ध केला. तो १६७८ ते १६९३ या काळात आम्स्टरडॅम येथे छापला गेला. केरळचे वैद्य इट्टी अच्युतन यांच्याबरोबरच रंग भट, विनायक पंडित व अप्पु भट हे तीन कोंकणी वैद्य त्याच्या साहाय्यास होते. त्यांचे पूर्वज गोमंतकातून देशोधडीस लागलेले. २० एप्रिल १६७५ या तारखेचे त्यांचे नागरी लिपीतील प्रमाणपत्र ग्रंथाच्या आरंभी आजही वाचता येते. गोमंतकात राहिलेल्या त्यांच्या समकालीन वैद्यांपैकी किती जणांची नावे आज सांगता येतील?

दुसरे उदाहरण अलीकडचे. जखमेवर हळद लावण्याच्या उपयोगाबद्दल १९९५ साली अमेरिकेत एकस्व, म्हणजे पेटंट, दिले गेले. भारताच्या वैज्ञानिक व औद्योगिक संशोधन परिषदेने त्यास हरकत घेतली आणि १९९७ साली ते रद्द झाले. रद्द झाले ते कशामुळे? ‘आमच्या आज्या हळद लावीत’ असे म्हटल्याने नव्हे, तर जुने ग्रंथ व छापील लेख पुराव्यादाखल हजर केल्याने. कचेरीत काम केलेल्या प्रत्येकास हे तत्त्व ठाऊक आहे : कागद नाही, तर हक्क नाही.

केवळ ज्ञानच नव्हे, तर ज्यापासून औषधे होत ती झाडेही कमी होत आहेत. डिचोली महालातील डोंगर लोहखनिजासाठी पिढ्यान्‌पिढ्या खणले गेले. २०१२ व २०१८ साली न्यायालयीन आदेशांनी खाणी थांबल्या, तरी गेलेली माती व तिच्यावरची कुडा-सातविणीची झाडे परत आली नाहीत. पेडण्यात मोपाच्या पठारावर विमानतळ झाला. योगायोग असा की, ११ डिसेंबर २०२२ या एकाच दिवशी मोपाच्या विमानतळाचे आणि त्याच महालातील धारगळ येथील अखिल भारतीय आयुर्वेद संस्थेचे उद्घाटन झाले. एकाच दिवशी एका बाजूने पठार गेले आणि दुसऱ्या बाजूने पठारावरच्या वनस्पतींच्या अभ्यासाचे मोठे केंद्र आले. आता विद्वान घराजवळ आले आहेत. त्यांना सांगण्यासारखे घरात काय उरले आहे, हा प्रश्न आहे.

तेव्हा महाजन कुटुंबांपुढे कार्य सोपे आणि तातडीचे आहे. ज्या घरात अद्याप कोणी वृद्ध आहे, त्या घरातील लेकीसुनांनी व नातवंडांनी तिच्याजवळ बसून लिहून घ्यावे : झाडाचे गावातील नाव, कोणता भाग, कोणत्या ऋतूत, किती वळसे, कोणाला द्यावयाचे नाही. जे अपायकारक होते तेही लिहावे, आणि ते अपायकारक होते असेही लिहावे. जुन्या पेट्यांतील मोडी वा बाळबोध चोपड्या रद्दीत देण्यापूर्वी जाणत्यास दाखवाव्यात. देवस्थानाच्या जागेत कुडा, सातवीण, अडुळसा, निर्गुडी आणि भिरंड यांची पाच-दहा झाडे लावून त्यांवर नावाच्या पाट्या लावल्या, तर त्यास फारसा खर्च येणार नाही. या लिखाणावरून कोणी स्वतःचे औषध स्वतः करावे असा हेतू नाही. आजार झाल्यास वैद्य-डॉक्टरांकडेच जावे. हेतू एवढाच की, पूर्वजांना काय ठाऊक होते हे वंशजांना ठाऊक असावे.

गुण जाईल म्हणून नाव न सांगण्याचे दिवस संपले. आता नाव न सांगितल्यानेच गुण जाईल. दोन सहाणांपैकी देवाची सहाण महाजनांनी शतकानुशतके जपली. दुसरीही त्याच श्रद्धेने उचलून, धुऊन, जागेवर ठेवण्याची बुद्धी श्रीदेवाने सर्वांस देवो.